डाव्या कानातला बिल्ला

मी मेलेली जनावरं बघते. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर एवढंच. अंकवाल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "अध्यक्ष म्हणून तुमचा प्रवास लिहा." माझा प्रवास बहुतेक एसटीनं झाला आणि गुडघे गेल्यावर वंदनाच्या स्कूटीवर. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. म्हणून कामाबद्दल लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली आहे, वाक्यं छोटी येतील.

हा अंक दर दिवाळीला परभणीला माझ्या थोरल्या भावाकडे येतो. उत्तमदादा निवृत्त शिक्षक आहे. छापलेलं सगळं वाचतो, जाहिरातीसुद्धा. दोन वर्षं झाली, तो माझ्याशी बोलत नाही. कारण पुढे येईल.

आमचं मंडळ म्हणजे बायकांनी बायकांसाठी चालवलेला जनावरांचा विमा. शेळी, गाय, म्हैस. प्रत्येक बाई वर्षाचा हप्ता भरते आणि जिचं जनावर मरतं तिला त्यातून भरपाई मिळते. मोठ्या कंपन्यांचा विमा नव्हता असं नाही. पण एका शेळीसाठी त्यांचा साहेब खेड्यात यायचा नाही, आणि तो येईपर्यंत शेळीला कुत्र्यांनी ठेवलेलं नसायचं. म्हणून पेडगावच्या अंगाला आमच्या गावात अकरा जणींनी मिळून हे सुरू केलं. तेव्हा विमा हा शब्द आमच्या तोंडात बसत नव्हता. आम्ही 'शेळीची भिशी' म्हणायचो. आता चार तालुक्यांतली गावं आहेत. जिंतूरच्या रस्त्याला दोन खोल्यांचं कार्यालय आहे. दारावर माझ्या नावाची पाटी आहे, ती वंदनानं लावली. वंदना आमची सचिव. चाळिशीची, बीए झालेली, आमच्याच समाजातली. मला मावशी म्हणते. कागद, कॉम्प्युटर आणि बँक तिच्याकडे. मेलेलं जनावर माझ्याकडे.

विमा विश्वासावर चालतो, असं मेळाव्यात पाहुणे सांगतात. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. खरं म्हणजे तो संशयावर चालतो. संशय घ्यायला कोणीतरी नेमावं लागतं आणि त्या माणसाला गावात चहा मिळत नाही. आमच्यात ते माणूस मी.

सुरुवातीला आमचा एकच नियम होता. विमा उतरवताना जनावराच्या डाव्या कानात प्लॅस्टिकचा पिवळा बिल्ला ठोकायचा, त्यावर नंबर. जनावर मेलं की बिल्ल्यासकट कान आणून दाखवायचा. कान बघितला की भरपाई. आम्हाला वाटलं, याच्यात कोण काय लबाडी करणार?

पहिल्याच वर्षी मारोतराव नावाचा एक गृहस्थ आला. सभासद त्याची बायको होती, पण बोलायला तो. जेवणाच्या स्टीलच्या डब्यात कान घेऊन आला होता. शेळी नाल्याला वाहून गेली, कान तेवढा हाती लागला म्हणाला. वाहून गेलेल्या शेळीचा कान हाती कसा लागतो, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. पंधरा दिवसांनी जिंतूरच्या बाजारात तो भेटला. हातात दोरी, दोरीला शेळी, शेळीला एकच कान.

मी म्हटलं, "मारोतराव, ही कोण?"

"ही व्हय? ही त्या मेलेलीची बहीण हाय, बाई."

"बहिणीचा कान कुठं गेला?"

त्यानं दोरी आवळली. मग म्हणाला, "दुखवटा पाळायलीय ती."

बाजारातले लोक हसले. मीही हसले, पण त्याच्या बायकोचं नाव मंडळातून काढलं. ती येऊन रडली, मला काही माहीत नव्हतं म्हणाली. तिला माहीत होतं. शेळीच्या कानाला हळद तिनंच लावलेली असणार.

त्या दिवसापासून नुसता कान बंद. जनावर जिथं मेलं तिथं, आहे तसं, कानासकट बघायचं. त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत. बघणारी बाई दुसऱ्या गावची हवी. पुढे मोबाईल आले. शहरातून एक सर आम्हाला शिकवायला आले. म्हणाले, "मावशी, आता फोटो पाठवला की झालं. तुम्हाला जायची गरजच नाही."

मी विचारलं, "फोटोला वास येतो का?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मी कामाचं विचारत होते. कपाशीवरच्या फवाऱ्याचं औषध पोटात गेलेल्या शेळीच्या तोंडाला वास येतो. पोट फुगून मेलेली म्हैस आणि कोणी टोचून मारलेली म्हैस फोटोत सारखीच दिसते. तरी बाकीच्या जणींचा आग्रह होता म्हणून वर्षभर फोटो चालवले. त्या वर्षात एकच मेलेली शेळी तीन गावांत मेली. मग मी बैठकीत हात आपटून नियम करून घेतला: फोटो चालणार नाही, अध्यक्षांनी किंवा अध्यक्षांनी नेमलेल्या बाईनं डोळ्यांनी बघितलं तेवढंच खरं. हा नियम माझा आहे. तोच पुढे माझ्या गळ्यात आला.

आता माझ्या बघण्याची पद्धत सांगते, कारण सगळं तिथंच अडलं.

इतक्या वर्षांत मी एकाही मेलेल्या जनावराला हात लावला नव्हता. हातात काठी असायची. चार पावलं दूर उभी राहायचे. मालकिणीला सांगायचे, डोकं उचल, कान उघड, तोंड फाकव, पालथी कर. ती करायची, मी बघायचे. शेळ्या बहुतेक गरिबाघरच्या, त्यामुळे कोणी आढेवेढे घेतले नाहीत. लोकांना वाटायचं अध्यक्षबाई सोवळ्यातल्या झाल्या. वाटू दे.

कारण वेगळं होतं. आमच्या बापजाद्यांचं काम गावातली मेलेली ढोरं ओढून नेण्याचं. ढोर मेलं की निरोप यायचा, ताटावरून उठून जावं लागायचं. धम्म घेतला तेव्हा बाबांनी ते सोडलं. पहिला बैल मेला, निरोप आला, बाबा गेले नाहीत. दुसरा निरोप आला, नाही गेले. मग गावानं आमच्या वस्तीला कामावर बोलावणं बंद केलं. विहीर बंद केली. बैल चार दिवस तिथंच कुजला. शेवटी ज्यांचा होता त्यांनीच तोंडाला फडकी बांधून ओढला. माझा जन्म त्यानंतरचा. मी हे ऐकलेलं. दादा तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता, त्यानं ते पाहिलेलं. आईबरोबर दुसऱ्या गावाहून पाणी आणायला तो जायचा. बाबा मरेपर्यंत एकच सांगत होते, मेलेल्या ढोराला हात लावायचा नाही.

मी हे काम धरलं तेव्हा दादा म्हणाला होता, "जगात दुसरं काही काम न्हाई का गं तुला? बाबा ज्याच्यापासून लांब गेले, तू फिरून त्याच्याचपाशी."

मी म्हटलं, "बघायचं काम हाय दादा. ओढायचं न्हाई. हात लावणार न्हाई."

"शब्द दे."

दिला.

आता ती म्हैस.

गाव जिंतूरच्या अलीकडचं, नाव सांगत नाही. तिथली सुशीलाबाई आमची जुनी सभासद, पंचावन्नच्या आसपासची. मोठ्या शेतकरी घरातली विधवा. घर दिराचं, जमीन दिराच्या हातात. त्यांना सगळे आबा म्हणतात. सुशीलाबाईचं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात काही नव्हतं. चपलासुद्धा जाऊबाईच्या जुन्या. एक म्हैस तेवढी तिची. माहेरहून रेडकू आणून तिनं वाढवलेलं. दूध विकून ती वेगळी चूल मांडून राहत होती, वाड्याच्या कडेला एका पत्र्याच्या खोलीत. तिचं बघून गावातल्या बऱ्याच बायका मंडळात आल्या. आबांना दोन्ही गोष्टी खुपत होत्या, चूल आणि मंडळ. म्हैस गेली आणि भरपाई मिळाली नाही, तर तिला आबांच्या स्वयंपाकघरात परत जाऊन भाकरी थापावी लागणार होती. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती.

पावसाळा संपत आलेला. सकाळी तिचा फोन आला, म्हैस पोट फुगून गेली, डॉक्टर रात्रभर होते. वंदना आणि मी पोचलो तेव्हा दुपार टळली होती, वाटेत पूल खचला होता. गोठ्यापुढं गाव जमलेलं. मध्ये म्हैस डाव्या अंगावर पडलेली. बिल्ला डाव्या कानात, म्हणजे खाली. आबा खुर्ची टाकून बसले होते.

मला बघून म्हणाले, "या गयाबाई. बरं झालं आलाव. लवकर न्या आता, घाण सुटायलीय."

"मी न्यायला आले न्हाई, आबा. बघायला आलेय."

"बघा की मग. पण बघणार कसं? कान तर खालीय."

"घरच्या कुणीतरी डोकं उचला."

कोणी हललं नाही. सुशीलाबाई एक पाऊल पुढं आली. आबा तिच्याकडं न बघता म्हणाले, "सुशीले, आपल्या घरात मेलेल्याला कोण हात लावतं का? लावायचा तर लाव. मग आमच्या हंड्याला शिवू नको." पाण्याचा नळ त्यांच्या अंगणातला. ती थांबली.

मग माझ्याकडं वळून, अगदी गोड आवाजात, "तुमच्यातली माणसं न्यायची की पूर्वी. तुमचा बाप तर लय झपाट्यानं न्यायचा म्हणं. तुम्हाला काय अवघड?"

मी म्हटलं, "न्यायचा. मग सोडलं. तुमच्या वडलांनी ओढला असंल एखादा, इचारून बघा."

मागं कोणीतरी खुसकन हसलं. आबा हसले नाहीत. म्हणाले, "मग बसा. सूर्य मावळला की तुमचा टाइम संपला ना? नियम हाय म्हणं तुमचा."

नियम त्यांना पाठ होता.

आम्ही तशाच उभ्या राहिलो. मी एका बाजूला, सुशीलाबाई दुसऱ्या बाजूला, मध्ये म्हैस. गोमाशा घोंघावत होत्या. बायका दारांतून बघत होत्या. त्यातली प्रत्येक आमची सभासद, आणि प्रत्येकीच्या दावणीला कानात पिवळा बिल्ला असलेलं जनावर. आज इथं काय होतं त्यावर त्या ठरवणार होत्या.

वंदना माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, मी उघडते कान. एका मिनिटाचं काम हाय."

मी तिचं मनगट धरलं. "आपल्यातलं कुणी न्हाई."

"अवो पण त्या बाईचं..."

"न्हाई म्हटलं ना."

ऊन उतरलं तेव्हा आबांनीच जेसीबी मागवला. खड्डा त्यांनी गायरानात आधीच खणून ठेवला होता. जेसीबीच्या दाताला साखळी लावली, चालकानं काठीनं ती म्हशीच्या पायांत सरकवली, आणि म्हैस वर उचलली गेली. डोकं खाली लोंबलं. मी चार पावलांवरून बघितलं. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू, पण दुसरा चांगला आहे. डावा कान दबून, दुमडून गालाला चिकटलेला, शेणामातीनं लिंपलेला. पिवळं काही दिसलं नाही.

"थांबव," मी चालकाला म्हटलं. "हलव जरा."

त्यानं हलवलं. डोकं झुललं. काही दिसलं नाही.

सुशीलाबाई म्हणाली, "बाई, जवळून बघा. कान दुमडलाय. उलगडून बघा. आत हाय बिल्ला. काल सांच्याला मी बघितलाय."

चार पावलं होती. मी पुढं जाऊन काठीनं तो कान उचकटू शकले असते. पण आबा खुर्चीवरून पुढं झुकले होते. मी वाकले असते तर ते काय म्हणणार होते ते मला माहीत होतं. दुपारपासून त्यांनी ते तोंडात धरून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "मला दिसलं तेवढं बास. बिल्ला न्हाई."

वंदनानं कागदावर तसं लिहिलं. मी सही केली. आबा उठले. "बघ, म्हणत व्हतो ना सुशीले," एवढंच म्हणाले. म्हैस गायरानाकडं गेली. सुशीलाबाई जेसीबीमागं गेली नाही, आमच्याकडंही बघितलं नाही. गोठ्यातली पाण्याची बादली उचलून तिनं ती जागा धुवायला घेतली.

फाट्यावर चहाला थांबलो. वंदनाचा चहा तसाच. ती मोबाईल बघत होती. जेसीबी म्हैस उचलत असताना तिनं शूटिंग केलं होतं.

"मावशी, हे बघा."

डोकं झुललं तेव्हा क्षणभर कान गालापासून सुटला होता. आत काहीतरी पिवळं. तिनं तीन वेळा थांबवून दाखवलं.

"कडबा असंल," मी म्हटलं.

"हिरवा चारा खात व्हती ती."

"मग झेंडूचं फूल असंल."

वंदनानं चौथ्यांदा थांबवून मोबाईल माझ्यासमोर धरला.

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक. सुशीलाबाईची तक्रार आली नाही. तेच मला लागलं. भांडली असती तर मी भांडले असते. तिच्या गावातल्या तिघीजणी मात्र आल्या होत्या. आमची नावं काढा, म्हणाल्या. एकजण म्हणाली, "तुमचा नियम चांगला हाय, बाई. पण तुमी चार पावलावरनं बघता अन् आमचं नशीब ठरवता."

त्या गेल्यावर वंदना म्हणाली, "शूटिंगमधे दिसायलंय. त्याच्यावर मंजूर करून टाकू. कोण इचारतंय?"

"मी इचारतेय. फोटो चालत न्हाई हा नियम कुणी केला?"

"तुमी."

"मग आता माझी चूक झाली म्हणून फोटो चालवायचा? अन् उद्या मारोतराव फोटो घेऊन आला तर?"

"मग काय करायचं?"

काय करायचं ते दोघींनाही माहीत होतं: सूर्य मावळायच्या आत बघून झालं होतं, आता ते चुकलेलं बघणं दुरुस्त करायचं, म्हणजे खड्डा उकरायचा. म्हशीचा इलाज करणाऱ्या डॉक्टरांना मी फोन केला. रोगाची लागण नव्हती, पोटच फुगलेलं, म्हणाले. हातमोजे घाला, चुना टाका, लगेच परत पुरा. मग दादाला फोन केला. करायला नको होता, पण शब्द त्याला दिलेला होता. तोडायच्या आधी सांगायला हवं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग शिकवताना बोलायचा तसं सावकाश बोलला. "गया, बाबांनी नकार दिला तेव्हा आपल्या घरात प्यायला पाणी नव्हतं. मी बघितलंय. तू बघितलेलं न्हाईस. तू त्या खड्ड्यात उतरलीस तर बाबांनी सोडलं ते तू उचललंस. मग माझ्या दारात येऊ नको."

"दादा, चूक माझी हाय. दुसरं कोण उतरणार?"

"ज्याची म्हस तो."

"तिला उतरू देईनात."

"मग तो तिचा लढा हाय. तुझा न्हाई." आणि फोन ठेवला.

त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो.

जेसीबीवाला आला नाही. आबांनी त्याला सांगून ठेवलं होतं. गायरानात आम्ही दोघी, एक टिकाव, एक फावडं आणि चुन्याची गोणी. मी फावडं मारायला सुरुवात केली. काळी माती, पाऊस पिऊन जड झालेली. दहा-बारा फावड्यांत माझी कंबर बोलली. वंदनानं टिकाव घेतला. मग मागून कोणीतरी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. सुशीलाबाई होती. तिच्यामागं परवा दारांतून बघणाऱ्या बायका, घरची फावडी घेऊन. तोंडाला पदर बांधलेले. डोक्याच्या बाजूनं खणायचं, एवढं मी सांगितलं.

आबा आले तेव्हा शिंग वर आलं होतं.

"काय चालवलंय हे? रोगराई पसरवायलाव का गावात? पोलीस बोलावू का?"

वंदना म्हणाली, "बोलवा की. त्यांच्यासमोर उघडू. डॉक्टरला पण बोलवा." ते गेले नाहीत. कडेला उभे राहिले.

वास काय होता ते लिहीत नाही. दिवाळीचा अंक आहे, शेजारी फराळ असेल.

मी वंदनाकडून कोपरापर्यंतचे हातमोजे घेतले. सत्तरीला टेकलेली बाई आहे, चढवायला वेळ लागला. मग खड्ड्यात उतरले. गुडघाभरच होता, पण मला ते उतरणं फार खोल वाटलं.

आबा वरून म्हणाले. जे त्यांनी तीन दिवस धरून ठेवलं होतं ते. "शेवटी आलीसच की गं खाली."

अहो-जाहो गेलं होतं.

मी कान धरला. डोकं चिखलात रुतलेलं, कान खाली दबलेला, मला निघेना. जोर लावला तर घसरायला लागले. आणि म्हशीच्या पलीकडून धप्प आवाज झाला. सुशीलाबाई उडी टाकून खाली आली होती. हातमोजे नाहीत, काही नाही. तिनं दोन्ही हातांनी शिंग धरलं.

"सुशीले!" आबा ओरडले.

तिनं वर बघितलं नाही. मला म्हणाली, "शिंग मी धरते, बाई. तुमी कान ओढा."

"हातमोजे घे."

"माझीच म्हस हाय. ओढा."

तिनं शिंग उचललं, मी कान उलगडला. आत, मुळाशी, शेणानं भरलेला बिल्ला. मी अंगठ्यानं पुसला. पिवळा. नंबर मोठ्यांदा वाचला, एकेक आकडा. वर वंदनानं कागदाशी ताडून बघितला आणि म्हणाली, "हाय."

एवढंच. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायकांनी चुना टाकला, माती ओढली. सुशीलाबाईला आबांच्या नळाला शिवता येणार नव्हतं. एका बाईनं स्वतःच्या घरून घागर आणली आणि आम्हा दोघींच्या हातांवर पाणी घातलं, आधी तिच्या, मग माझ्या, एकाच घागरीचं.

मी पहिल्या कागदावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहून घेतलं, अध्यक्षांनी नीट बघितलं नव्हतं. त्याखाली सही केली. तो कागद अजून कपाटात आहे. नव्या मुली कामाला येतात त्यांना तो पहिल्यांदा वाचायला देते.

सुशीलाबाईनं त्या भरपाईत दुसरी म्हैस घेतली. तिची चूल वेगळी आहे. पाणी ती दुसऱ्या नळावरून भरते. तिनं माझे कधी आभार मानले नाहीत, मी तिची माफी मागितली नाही. दोघींचंही बरोबर आहे.

मंडळाच्या नियमांत त्यानंतर एका ओळीची भर पडली. बैठकीत वाद झाला, दोन गावं सोडून गेली, पण मी हटले नाही. बघणारी बाई स्वतः हातानं कान उघडेल. आणि जिचं जनावर, ती समोरून शिंग धरील. शेळीचं असलं तर पाय. कोणाच्याही घरची असो, देशमुखाची असो नाहीतर आमच्या वस्तीतली. शिंग धरायचं नसेल तर भरपाई नाही. आज कुठल्याही गावात गेलं की मेलेल्या जनावराच्या दोन बाजूंना दोन बायका बसलेल्या दिसतील. पहिल्या वर्षी मालकिणी तोंड वाकडं करायच्या. आता माझ्या आधी त्याच बसलेल्या असतात.

दादा बोलत नाही. त्याच्या सुनेनं नातवाच्या बारशाला मला बोलावलं होतं. मी गेले नाही, दारात येऊ नको म्हणाला होता. शब्द एकदा तोडला तेवढा बास.

पण अंक तो वाचतो. तेव्हा दादा, इथपर्यंत आला असशील तर एवढं वाच. तू म्हणालास, बाबांनी सोडलं ते मी उचललं. मी पुष्कळ दिवस विचार केला. बाबांना ढोर एकट्यानं ओढायला लावायचे, आणि ज्याचं असायचं तो ओट्यावर उभा राहायचा. त्या दिवशी खड्ड्यात मी एकटी नव्हते. दुसऱ्या बाजूनं शिंग धरायला जिची म्हैस ती होती.